लिटल मोरटन हॉल वाकडं का, आणि तरी उभं कसं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वास्तुकलेच्या अभ्यासक्रमासाठी तुम्ही इंग्लंडमधलं लिटल मोरटन हॉल हे मॅनर हाऊस निवडलं आहे. फोटोत ते आत्ता पडेल की मग, असं दिसतं. ते मुळात असंच वाकडं बांधलं होतं का, कुठला भाग कधीचा हे कसं ओळखायचं, काळा-पांढरा रंग मूळचा आहे का, आणि मॉडेल करताना भिंती सरळ दाखवायच्या की वाकड्या? जुन्या लाकडी सांगाड्यांची दुरुस्ती हेच माझं काम, त्यातली बरीच वर्षं इंग्लंडात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मॉडेलचं शेवटी सांगतो. आधीचं नीट कळलं नाही तर ते पटणार नाही.

पडण्याची धास्ती आधी मिटवू. वीट-दगडाची भिंत कधीकधी फार वेळ न देता बसते. ओकचा सांगाडा आधी वाकतो, मग त्याचे सांधे थोडे उघडतात, मग भार शेजारच्या लाकडावर जातो, आणि या सगळ्याला पिढ्या लागू शकतात. म्हणून वाकडं घर दिसलं की आमचा पहिला प्रश्न किती वाकलंय हा नसतो, अजून वाकतंय का हा असतो. सांध्यांवर खुणा करायच्या, मोजमापं घ्यायची, पावसाळी आणि कोरड्या ऋतूत पुन्हा घ्यायची, आणि आकडे हलतायत का ते पाहायचं. मोरटन वाकलं ते खरंच, पण त्याला वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लोकांनी धरून ठेवलंय.

घर चेशर परगण्यात, काँगलटन गावाच्या नैर्ऋत्येला साधारण चार मैलांवर. मोरटन घराणं तिथलं जमीनदार. मॅनर म्हणजे जमिनीचा एक मुलूख. त्याचा धनी कुळांकडून खंड घ्यायचा, स्वतःची कचेरी भरवायचा, बांधाचे आणि कुरणाचे तंटे सोडवायचा. मॅनर हाऊस हे त्याचं राहतं घर आणि ती कचेरी, दोन्ही. १३४८च्या प्लेगनंतर जमिनी स्वस्त झाल्या तेव्हा या घराण्याने त्या घेतल्या; पुढे आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हाही घेतल्या. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्याकडे १,३६० एकर जमीन होती, पिठाची गिरणी होती, पाण्यावर चालणाऱ्या हातोड्यांची लोखंडाची भट्टी होती. सरदार-उमरावांच्या मानाने मधली पायरी, पण पैसा होता आणि तो दिसला पाहिजे ही हौसही होती.

घराभोवती साधारण दहा मीटर रुंदीचा पाण्याचा खंदक आहे. तो पाहून किल्ल्याची कल्पना करू नका. हा खंदक बहुधा तेराव्या-चौदाव्या शतकात, आधीच्या एखाद्या घरासाठी खणलेला. संरक्षणाला त्याचा उपयोग नव्हता, तो प्रतिष्ठेसाठी होता. (संडासाची खोली थेट त्यावर काढलेली आहे, तेव्हा प्रतिष्ठेचा वास कसा येत असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.) पण नकाशाच्या दृष्टीने खंदक महत्त्वाचा आहे. त्याने बेटाचा आकार आधीच ठरवून टाकला. पुढच्या प्रत्येक पिढीला वाढायचं झालं तर चौकाभोवती वळत जायचं किंवा वर चढायचं, एवढेच पर्याय उरले. वर चढण्याची किंमत काय पडली ते दक्षिणेच्या बाजूला दिसतं.

आता लाकूड. चेशरच्या सपाट मुलखात जमीन चिकणमातीची, ओक भरपूर. ओक तोडला की ओला असतानाच कामाला घेत, कारण पूर्ण वाळलेल्या ओकमध्ये पटाशी चालवणं म्हणजे हाताची शिक्षा. जोडकाम साल-कुसूचं: एका लाकडात साल (खाच), दुसऱ्याला कुसू (त्या खाचेत बसणारं निमुळतं टोक), दोन्ही बसले की आरपार ओकचीच खुंटी. यातली खुबी अशी की कुसूमधलं भोक मुद्दाम किंचित सरकवून, खांद्याच्या, म्हणजे कुसूच्या मुळाच्या, बाजूला पाडतात. खुंटी ठोकताना ती थोडी वाकत जाते आणि कुसू आत ओढून घेते. खिळे नाहीत, कारण ओकमधलं टॅनिन लोखंडाला खातं. मग लाकूड वाळायला लागतं. लांबीत ते जवळजवळ आटत नाही, जाडीत आणि रुंदीत आटतं, शिवाय पिळवटतं. म्हणजे असं घर बांधून झाल्यावर पहिल्या काही वर्षांत थोडं वेडंवाकडं होणारच. सुताराला ते ठाऊक होतं आणि मालकालाही. फोटोतल्या ज्या बारीक वाकड्या रेषा पाहून तुम्हाला नवल वाटतंय, त्यातल्या बऱ्याचशा या प्रकारातल्या आहेत. त्यांचं काही करायचं नसतं.

सांगाड्याच्या भिंती आधी सुताराच्या आवारात जमिनीवर आडव्या जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग सगळं सोडवून जागेवर नेऊन उभं करत. जुन्या सांगाड्यात या खुणा सापडल्या तर त्यांचा क्रम लिहून घ्यायचा. क्रम मध्येच तुटला असेल किंवा त्याच आकड्याची खूण भलत्याच ठिकाणी असेल, तर ते लाकूड नंतर बदललंय किंवा दुसऱ्या इमारतीतून आलंय असा संशय घ्यायला जागा असते.

भिंतींच्या चौकटींमध्ये भरण कशाचं? कोकणात ज्याला कूड म्हणतात त्याचं. काठ्यांचं विणकाम, त्यावर चिकणमाती, पेंढा आणि शेण, वरून चुन्याचा गिलावा. भार घेणं हे कुडाचं काम नाही. वारा अडवणं आणि सांगाड्याबरोबर थोडं हलणं, एवढंच. सगळं दगडाच्या बुटक्या जोत्यावर बसलेलं. धुराडी तेवढी विटांची.

मजल्यांची रचना समजली की अर्धं घर समजतं. इथे खांब तळापासून छपरापर्यंत अखंड जात नाहीत. प्रत्येक मजला ही स्वतंत्र पेटी, जेवणाच्या डब्याचे पुडे एकावर एक बसतात तशी. आणि वरचा पुडा खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. मजला असा पुढे काढण्यामागे दिमाख होताच, जागाही थोडी वाढायची, पण सुताराचा फायदा वेगळा होता. मजल्याच्या कड्या (फळ्या पेलणारी आडवी लाकडं) खालच्या भिंतीवरून बाहेर काढल्या आणि त्यांच्या टोकावर वरची भिंत बसवली, की त्या वजनाने कडीचा खोलीतला भाग वर उचलला जाऊ पाहतो. माणसं-सामानाच्या ओझ्याने पडणारा झोळ तेवढा कमी होतो. दोन्ही बाजूंना मजला पुढे काढायचा असेल तर कोपऱ्यात कर्णाच्या दिशेने एक दणकट तुळई टाकावी लागते. चेशरमध्ये पुढे आलेल्या कड्यांची टोकं उघडी ठेवायचा रिवाज नव्हता. त्यांच्याखाली आत वळलेली पट्टी येते आणि तिच्यावर चार पाकळ्यांची नक्षी. मोरटनच्या दर्शनी भागावर ओळीने दिसणारी ती पांढरी चौपाकळी फुलं म्हणजे हीच.

कुठला भाग कधीचा, यासाठी चौकात उभं राहून उत्तरेकडे तोंड करा, म्हणजे नकाशावरही तसाच विचार करा. समोर मुख्य दालन. हे १५०४ ते १५०८च्या सुमारास पहिल्या विल्यम मोरटनने बांधलं. १५०८च्या आसपास पूर्वेची बाजू जोडली गेली, तिच्यात प्रार्थनामंदिर आणि खाजगी बैठकीची खोली. मध्ययुगीन मॅनरचा जो ठरलेला नकाशा, तो इथे अजून वाचता येतो. पडवीतून आत शिरलात की आडवा बोळ. त्याच्या एका हाताला स्वयंपाकघर आणि कोठ्या, दुसऱ्या हाताला दालन, आणि दालनाच्या पलीकडच्या टोकाला घरधन्याच्या खोल्या. नोकर-चाकर एका टोकाला, धनी दुसऱ्या टोकाला, आणि जेवण, पाहुणे, कुळांची गाऱ्हाणी सगळं मधल्या दालनात. सुरुवातीला जमीन बहुधा मातीची असावी, वर लव्हाळं पसरलेलं, मध्यभागी उघडी चूल. अशी मधली चूल जागेवर पाहायची असेल तर केंट परगण्यातल्या पेन्शर्स्ट प्लेसच्या १३४१च्या दालनात ती अष्टकोनी चूल अजून आहे. मोरटनला धुराडी आल्यावर तिची गरज संपली.

१५४६ मध्ये दुसऱ्या विल्यमने पश्चिमेची कामाची बाजू पाडून नव्याने बांधली. आणि १५५९ मध्ये त्याने मुख्य दालनात मधोमध एक मजला घातला. तुमच्या अभ्यासासाठी हे साल अधोरेखित करून ठेवा. उघडी चूल गेली, धूर वर जायला उंच पोकळी लागेनाशी झाली, आणि मोठ्या दालनात सगळ्यांनी एकत्र जेवायची पद्धतही सुटत चालली होती; धन्याला आता वेगळ्या, उबदार, छोट्या खोल्या हव्या होत्या. पुढे तो मजला काढून टाकला गेला, म्हणून आज दालन पुन्हा उंच दिसतं आणि पाहुण्याला वाटतं की ते कायम असंच होतं. पण पुरावा चौकात उभा आहे. त्याच वर्षी बसवलेल्या दोन भव्य खिडक्या दुमजली आहेत. वरच्या भागाला वर मजला होता म्हणूनच अर्थ होता.

या दोन खिडक्यांपाशी मी नेहमी रेंगाळतो. एक मुख्य दालनाची, दुसरी शेजारच्या बैठकीची. बहुकोनी, पुढे आलेल्या, आणि इतक्या खेटून की त्यांची छपरं एकमेकांना टेकतात. शाळेत असा नकाशा तुम्ही दाखवलात तर मास्तर लाल रेघ मारतील. पण वर लाकडात कोरलेलं वाचा: एका ओळीत देवाचं नाव, आणि विल्यम मोरटनने १५५९ साली या खिडक्या केल्या असं, आणि दुसऱ्या ओळीत, देवाच्या कृपेने या खिडक्या रिचर्ड डेल सुताराने केल्या असं. मालकाच्या नावाशेजारी कारागिराची सही, तीही दर्शनी जागी. त्या काळच्या इंग्रजी घरांत हे विरळा. या घराला आजच्या अर्थाने वास्तुविशारद नव्हता. नकाशा मालकाच्या हौसेतून आणि सुताराच्या अनुभवातून, एकेका कामापुरता ठरत गेला.

साल माहीत नसेल तेव्हा आम्ही काय पाहतो? नक्षी पाहतो, पण जपून. लाकडं जाड, नक्षी साधी, काटकोनी चौकटी जास्त असतील तर भाग बहुधा जुना. दक्षिणेची बाजू सगळ्यात शेवटची, आणि तिथे लाकडं तुलनेने हलकी, नक्षीचे प्रकार मात्र सगळ्यात जास्त: चौकटी, व्ही आकाराच्या रेघा, चौपाकळी. त्यातली काही तिरपी लाकडं खरोखर सांगाडा ताठ ठेवतात, पुष्कळशी निव्वळ शोभेची. कुठली कोणती हे ओळखायचं तर त्या लाकडाच्या टोकाला खुंटी आहे का, आणि ते मुख्य खांबाला जाऊन भिडतं का, हे बघायचं. नक्षीपेक्षा भरवशाचं साधन म्हणजे झाडाच्या वलयांवरून काढलेलं वय. लाकूड ओलंच वापरत असल्यामुळे झाड तोडल्याचं साल आणि बांधकामाचं साल यात फार अंतर पडत नाही. साल-कवचापर्यंतची वलयं शिल्लक असतील तर तोडल्याचा हंगामही सांगता येतो. सुताराने तो बाहेरचा भाग तासून टाकला असेल तर अंदाजावर भागवावं लागतं.

आता दक्षिण बाजू, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक फोटोतली ती वेडीवाकडी बाजू. दुसऱ्या विल्यमचा मुलगा जॉन, त्याच्या काळात, १५६०नंतर ही बांधली गेली. खाली प्रवेशद्वार, वर पाहुण्यांच्या खोल्या. इथवर ठीक होतं. बांधकाम सुरू झाल्यानंतर केव्हातरी ठरलं की वर आणखी एक मजला चढवायचा आणि त्यात लाँग गॅलरी करायची. लाँग गॅलरी म्हणजे त्या काळची फॅशन: घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब खोली, पाऊस असला की फेऱ्या मारायला, खेळायला, पाहुण्यांना मिरवायला. मोरटनची गॅलरी ६८ फूट लांब, म्हणजे जवळपास २१ मीटर. भिंतींच्या लाकडी अस्तरामागे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिस चेंडू सापडले आहेत, तेव्हा व्यायामाची गोष्ट दंतकथा नव्हे.

बांधणाऱ्याच्या नजरेने या खोलीत काय काय जमून आलंय ते बघा. २१ मीटरमध्ये आडवी भिंत एकही नाही, म्हणजे बाजूच्या भिंतींना मध्ये कुठे आधार नाही. त्या भिंतीही भिंती म्हणाव्या अशा नाहीत: दोन्ही अंगांना ओळीने खिडक्याच खिडक्या. खालच्या मजल्यांवर जिथे तिरपी लाकडं घालून चौकट ताठ करता येते, तिथे इथे काच आहे. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटी, कमानदार, आणि मूळ बांधणीत भिंतीच्या माथ्याशी त्यांचे दोन पाय आडव्या तुळईने बांधलेले नव्हते. खोली उंच आणि मोकळी दिसावी म्हणून. अशा कैचीचे पाय बाहेर फाकू पाहतात. त्या फाकण्याला अडवायला काचेच्या भिंती! आणि या सगळ्याच्या डोक्यावर कौलं नाहीत, खरबरीत वालुकाश्माच्या फरश्या आहेत. अशा दगडी छपराचं वजन दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास धरायला हरकत नाही.

वर हे ओझं आणि खाली असा सांगाडा, जो एवढं पेलायचं आहे हे ठरण्याआधीच सुरू झाला होता. खालच्या मजल्यांच्या तुळया आणि कड्या दबल्या, वाकल्या. वरच्या भिंती लाटेसारख्या झाल्या. गॅलरीच्या फळ्यांवरून चालताना चढ-उतार पायाला कळतात. कैच्यांच्या मधून आज दिसणारी आडवी लाकडं नंतरची, बहुधा सतराव्या शतकातली आहेत. म्हणजे बांधल्यावर दीडशे वर्षांच्या आतच कुणालातरी समजलं होतं की हे असंच सोडलं तर सगळं फाकत जाईल, आणि त्याने पाय बांधून टाकले. हे ज्याने केलं त्याचं नाव कुठे कोरलेलं नाही, पण माझ्या मते गॅलरी आज आहे ती त्या आडव्या लाकडांमुळे.

गॅलरीच्या दोन्ही टोकांना गिलाव्यात उठावाची चित्रं आहेत. एका टोकाला नशिबाचं चक्र, ज्यावर अज्ञानाचं राज्य. दुसऱ्या टोकाला नियतीचा गोल, ज्याचा धनी ज्ञान. ही चित्रं रॉबर्ट रेकॉर्डच्या १५५६च्या खगोलशास्त्राच्या पुस्तकावरून घेतलेली. बरोबरीचं चिन्ह गणितात पहिल्यांदा छापलं तोच हा रेकॉर्ड. ज्ञानाची अशी थोरवी, आणि तीही नेमकी त्या छपराखाली जिथे वजनाचा हिशेब कुणी केला नव्हता. मला दर वेळी हसू येतं.

१६१०च्या सुमारास दक्षिण बाजूला स्वयंपाकघर आणि बिअर गाळायची जागा जोडली, आणि मग बांधकाम थांबलं. ते तसंच राहिलं याचं कारण गरिबी. यादवी युद्धात मोरटन राजाच्या बाजूचे. १६४३ मध्ये संसदेच्या पक्षाने घर ताब्यात घेऊन तिथे सैनिक ठेवले. घर परत मिळालं, पण १६५४ मध्ये तेव्हाचा विल्यम मोरटन वारला तेव्हा मागे तीन-चार हजार पौंडांचं कर्ज होतं. पुढे घर कुळांना भाड्याने गेलं. श्रीमंत शेजाऱ्यांनी आपापली जुनी घरं पाडून अठराव्या शतकात सममितीची, खांबांची, दगडी घरं बांधली. मोरटनांना ते परवडणारं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या आणि प्रार्थनामंदिरात कोळसा साठवत होते. हे सगळं वाईट वाटण्याजोगं खरं, पण वास्तूच्या दृष्टीने पडीक काळ सुधारणेच्या काळापेक्षा बरा. गळकं छप्पर दुरुस्त करता येतं, पाडलेला सांगाडा परत येत नाही. १९७६ मध्ये पार्लर नावाच्या छोट्या खोलीतलं अठराव्या शतकातलं लाकडी अस्तर काढलं तेव्हा मागे सोळाव्या शतकातली रंगवलेली भिंत निघाली: बायबलमधल्या सुझॅनाची गोष्ट, आणि जॉन मोरटनची आद्याक्षरं.

१८९२ मध्ये घर एलिझाबेथ मोरटनकडे आलं. ती अँग्लिकन पंथाची जोगीण. तिने प्रार्थनामंदिर नीट केलं, आणि गॅलरीला धरून ठेवायला लपवलेल्या पोलादी सळ्या घातल्या गेल्या त्या बहुधा तिच्याच काळात. १९१२ मध्ये घर तिच्या नात्यातल्या चार्ल्स एब्रहॅम या बिशपकडे गेलं, आणि त्यांनी व त्यांच्या मुलाने १९३८ मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिलं. १९७७ मध्ये दक्षिण बाजूच्या छपराच्या फरश्या सैल झाल्याचं आढळलं आणि मग टप्प्याटप्प्याने सांगाड्याचं मोठं काम झालं. नवीन लाकूड घातलं तिथे त्याला काळं केलं नाही, नैसर्गिक रंगातच ठेवलं, म्हणजे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कुणालाही दिसावं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिच्यापासून ही शिस्त इंग्लंडात रुजली: दुरुस्ती करा, पण जुनेपणाचं सोंग आणू नका.

मग वाकडेपणा सरळ का केला नाही? करता येतो का, तर येतो, जॅक लावून. पण चारशे वर्षांत सांगाडा त्या आकारात स्थिर झालाय. खुंट्या त्या कोनात दबल्यात, कुडाचं भरण त्या आकाराचं झालंय, काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत त्या मापाने बसलेत. या घरात शिशात जडवलेल्या काचा तीस हजार आहेत, त्यातल्या पुष्कळ सोळाव्या शतकातल्या. एक तुळई वर उचलली की या साऱ्यांवर नवा ताण. सरळ करण्याच्या नादात चांगले सांधे फुटतात आणि जे दुरुस्त करायचं नव्हतं तेच दुरुस्तीला येतं. केंटमधल्या आइटम मोट या जुन्या मॅनर हाऊसला १९८९ ते २००४ मोठं काम चाललं, भागाभागाने उकलून, एक कोटी पौंडांहून जास्त खर्चून. तिथे आतली लाकडं इतकी खराब झाली होती की इलाज नव्हता. मोरटनला तशी वेळ आली नाही आणि येऊ नये.

खऱ्या शत्रूंबद्दल दोन शब्द, कारण पुस्तकांत नक्षीवर पानंच्या पानं असतात आणि यावर ओळ नसते. ओकला म्हातारपण मारत नाही, ओल मारते. ओलसर जुन्या ओकमध्ये बुरशी शिरते, मग तिच्या मागोमाग भुंगेरा लाकूड पोखरतो. कुडाच्या जागी कुणी सिमेंटचा गिलावा केला की तो कडक थर सांगाड्याबरोबर हलत नाही. कडेला बारीक फट पडते, पाणी आत जातं आणि सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. खालची आडवी तुळई आतून भुसा झालेली आणि बाहेरून ठणठणीत, असं मी कितीदा तरी पाहिलंय. चुना पाणी घेतो आणि सोडतो. एवढ्यासाठीच आम्ही चुन्याचा आग्रह धरतो. परंपरेचं प्रेम हे त्यात दुय्यम.

काळा-पांढरा रंग. मूळचा नाही. ओकवर डांबर फासायची टूम एकोणिसाव्या शतकातली. मूळ लाकूड काहीही न लावता ठेवलेलं असायचं आणि ऊन-पावसात रुपेरी करडं व्हायचं. मधल्या चौकटी गेरू-पिवडीच्या पिवळसर रंगाच्या. म्हणजे आज पोस्टकार्डावर जो झेब्र्याचा थाट आहे, तो जॉन मोरटनला ओळखूही आला नसता. तरी डांबर खरवडून काढा असं मी सांगणार नाही. ते काढताना लाकडाचा वरचा पापुद्रा जातो, आणि त्या पापुद्र्यावरच सुताराच्या हत्यारांच्या खुणा असतात.

आता मॉडेल. आजच्या वाकड्या रूपाची हुबेहूब नक्कल करू नका. ती केकवरच्या सजावटीसारखी दिसते आणि तुम्हाला काही कळलंय हे तिच्यातून सिद्ध होत नाही. संपूर्ण घरही करू नका. दक्षिण बाजू तेवढी घ्या, १:५० ला. गॅलरी ४२ सेंटिमीटरची होते, हाताळायला सोयीची. जोतं, दोन मजले आणि गॅलरी असे चार स्वतंत्र, एकावर एक ठेवता येणारे भाग करा, सगळे सरळ, बांधले त्या दिवशी असतील तसे. गॅलरीच्या बाजूच्या भिंतींत तिरपी काडी घालायची नाही, तिथे फक्त खिडक्यांच्या उभ्या काड्या. सांधे टाचणीचे ठेवा, हलू शकतील असे. फेविकॉलने चिकटवलेत तर प्रत्येक सांधा घट्ट होईल आणि मॉडेल खोटं बोलेल. फेविकॉल फक्त जोत्याला. कैच्यांच्या मधली आडवी लाकडं वेगळ्या रंगाच्या काड्यांची, काढता-घालता येतील अशी करा. तपासणीच्या दिवशी आधी ती न घालता छपरावर वजनं ठेवत जा. भिंती फाकायला लागल्या की वजनं उतरवा, आडव्या काड्या घाला, आणि तीच वजनं परत ठेवा.